तीन बोटं उंच

गॅरेजात येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास खोटं बोलतो. "मिस्त्री, काही म्हणजे काही केलं न्हाई, उभ्या उभ्या बंद पडली." टाकी उघडावी तर आत पाणी. मग हळूच, "धुतली व्हती जरा, तळ्यावर." अहमदपूरकडच्या एका पाहुण्यांनी गाडी टेम्पोत घालून आणली होती. इंजिन जाम. विचारलं, ऑइल कधी बदललं? तर शांतपणे म्हणतात कसे, "बदलायचं असतंय व्हय? मला वाटलं, कंपनीनं टाकलंय ते जन्माला पुरतंय." अशा लोकांवर मी उभा जन्म हसलो. दुपारच्या चहाला ह्याच गोष्टी सांगून शेजारच्या दुकानदारांनाही हसवलं.

मी बब्रुवान. आडनाव राहू द्या, लातुरात औसा रोडला मला नुसत्या नावानंच ओळखत. गॅरेजचं शटर ओढून आता पाचेक वर्षं झाली. ह्या दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "बब्रुवान, गॅरेजातल्या गमतीजमती लिहा, लोकांना लई आवडतील." बसलो लिहायला. दोन पानं गमती लिहिल्या. आमच्या मंडळींनी, म्हणजे शकुंतलानं, चष्मा लावून वाचल्या अन् विचारलं, "त्या मॅडमचं कुठं हाय ह्याच्यात?" म्हटलं, ते कशाला? तर म्हणाली, "मग हे तरी कशाला लिहून राहिलात? लोकांच्या चुका दोन पानं अन् स्वतःची एक ओळ न्हाई." ती पानं बाजूला ठेवली. आता जे लिहितोय ते शरमेनं मान खाली घालूनच लिहितोय.

भूकंपाआधी मी सायकली अन् मोपेड दुरुस्त करायचो. भूकंप झाला, किल्लारीकडची गावंच्या गावं भुईसपाट झाली, अन् त्यानंतर औसा रोडची रहदारी कितीतरी दिवस थांबलीच नाही. मदतीच्या जीपा, नवी घरं बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या मोटारसायकली, सगळं माझ्या दारावरून. तिकडं लोकांची घरं पडली अन् त्या रहदारीवर माझं घर उभं राहिलं. हेही कधी कुणाला बोललो नाही. मग ट्युशनचं वारं आलं. उमरी, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन खोल्या करून राहू लागली. काही नांदेडला जायची, पण तेव्हा जोर लातूरचा. शिकवणारे सर लोक बघता बघता मोठे झाले, चौकाचौकात त्यांचे फोटो लागले अन् बुडाखाली नव्या गाड्या आल्या.

त्यातच ती गाडी आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या बिचारीचा काहीच दोष नव्हता. सीट बुटकी, हँडल आपल्याकडं वळलेलं, फूटरेस्ट पार पुढं. बसणारा जरा मागं रेलून, पाय पुढं सोडून ऐसपैस चालायचा. पोरं तिला आरामखुर्ची म्हणत. बटणावर चालू व्हायची, किक मारायचं काम नाही. दिसायला दांडगी अन् स्वभावानं गरीब. ज्यानं जन्मात गाडीला हात लावला नाही त्यानं हीच शिकायला घ्यावी, असं मी सगळ्यांना सांगायचो. कारण साधं आहे. नवा माणूस गाडी चालताना कमी पडतो, थांबताना जास्त पडतो. गाडी थांबली की एका बाजूला कलते. त्या वेळी तळपाय पुरता टेकला तर माणूस सावरतो. नुसता अंगठा लागला तर गाडीसकट आडवा. ह्या गाडीवर बुटक्यातल्या बुटक्या माणसाचे दोन्ही तळपाय भुईला लागायचे. तिची सगळी करामत सीटच्या उंचीत होती.

पण घेणारे घ्यायचे ते ऐटीसाठी. एक फिजिक्सचे सर होते. घरापासून क्लास हाकेच्या अंतरावर, तरी काळा गॉगल लावून गाडीवरच यायचे. गाडी चालली फार थोडी, पण आरसे मी चार वेळा बदलले. सर रस्त्याकडं कमी अन् आरशात जास्त बघायचे, त्यामुळं एकदा रिक्षाला घासले, एकदा विजेच्या खांबाला. असो. ह्या गमती शकुंतलानं बाजूला ठेवायला लावल्यात.

बिराजदार मॅडमनी मात्र ती गाडी गरजेपोटी घेतली. नाव बदललंय. सुनंदा बिराजदार, केमिस्ट्री शिकवायच्या. औसा तालुक्यातल्या एका पडलेल्या गावच्या. भूकंपात भिंत डाव्या पायावर आली. पाय वाचला, पण गुडघा आखडला. पुरा सरळ व्हायचा, मात्र खुर्चीवर बसताना वाकवावा लागतो तेवढाही वाकायचा नाही. आई-वडील त्याच दिवशी गेले. राहिला मोठा भाऊ, विश्वनाथअण्णा. अण्णांचं लातुरात खत-बियाण्याचं दुकान. बहिणीला दवाखान्यातून उचलून आणणारे अन् एमएस्सीपर्यंत शिकवणारे तेच, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस समजाल.

पहिल्यांदा त्या माझ्याकडं आल्या त्या रिक्षातून, डावा पाय सीटवर आडवा टाकून. शेअर रिक्षावाले त्यांना घ्यायला कुरकुरायचे, कारण एकटीला दोघींची जागा लागायची.

"मिस्त्री, मला चालवता येईल अशी कुठली गाडी आहे का?"

"स्कूटी घ्या की मॅडम. बायकांना तीच बरी."

"बघितली. पुढचा पत्रा गुडघ्याला अडतो. साधी मोटारसायकलही बघितली, तिच्यावर पाय दुमडून मागं घ्यावा लागतो. हा काही दुमडत नाही." मी पायाकडं बघावं की नको म्हणून घुटमळलो, तर हसल्या. "लाजू नका. गाडी तपासता तसा तपासा."

नशिबानं फिजिक्सच्या सरांची आरामखुर्ची दारात उभी होती. सरांना फोन करून विचारलं अन् मॅडमना म्हटलं, बसून बघा. त्यांनी डावा पाय खांबासारखा रोवला, उजवा पलीकडं टाकला अन् बसल्या. डावा पाय पुढच्या फूटरेस्टवर सरळच्या सरळ गेला. मग दोन्ही पाय खाली घेतले, दोन्ही तळवे जमिनीवर. उजवी टाच भुईवर दोनदा आपटून बघितली. मग म्हणाल्या, "मिस्त्री, ही माझ्यासाठीच केलीय की ओ कुणीतरी."

पुढचे तीन आठवडे मी त्यांना सकाळी मोकळ्या मैदानात शिकवलं. घोट्यात ताकद चांगली होती, पण मांडी उचलून गिअर टाकता येईना. म्हणून गिअरच्या दांड्याला पट्टी जोडून तो लांब केला. म्हणजे नुसता घोटा हलवला की गिअर पडायचा. इतकं जपून काम मी स्वतःच्या गाडीचंही केलं नव्हतं. एकदा सकाळी त्या एकट्या औशाकडं गेल्या अन् दुपारी परत येऊन गॅरेजसमोर थांबल्या, तोंड उन्हानं लाल झालेलं.

"कुठवर गेला होता?"

"गावाला. नव्या नाही, जुन्या. पडलेल्या." हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "आमच्या घराच्या दगडावर बसले होते तासभर. दर वेळी अण्णा घेऊन जातात अन् पाच मिनिटांत म्हणतात, चल आता. आज पोटभर बसले. उठावंसं वाटलं तेव्हा उठले."

त्या वर्षी दिवाळीनंतर स्वतःचा क्लास काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं. जागाही ठरली होती. सकाळी एका क्लासवर शिकवायचं, दुपारी आपल्या, संध्याकाळी पुन्हा तिसरीकडं. ही सगळी पळापळ गाडी होती म्हणूनच जमणार होती. गाडी गेली तर क्लास गेला, एवढं साधं होतं ते. मला हे पक्कं ठाऊक होतं.

आता धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिथंच फसलं. आमच्याकडं बायका गाड्या चालवू लागल्या, पण गॅरेजला गाडी घेऊन येणार तो गडीमाणूस. नवरा, बाप, नाहीतर भाऊ. तो म्हणणार, "हिचा ब्रेक घट्ट कर," मी करणार. हात लहान आहे, बोटं लिव्हरला पोचत नाहीत, असं चालवणारीला सांगायचं असणार, पण ती घरी. गाडी आणणाऱ्याचं ऐकायचं, चालवणारीला विचारायचं नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, सगळेच तसं करायचे, मीही करायचो. बिराजदार मॅडम स्वतः गाडी घेऊन यायच्या, बोल्ट कुठला सैल आहे तेही सांगायच्या, तर टपरीवरची माणसं वळून वळून बघायची.

एकदा क्लासच्या परीक्षा चालू होत्या म्हणून ऑइल बदलायला गाडी घेऊन अण्णा आले. अण्णा सहा फुटी, भरदार गडी. मधूनमधून दुकानाच्या कामाला तीच गाडी न्यायचे.

"बब्रुवान, काय बसकं ध्यान हाय रे हे. मी बसलो की गुडघे कानाला लागतेत. मागं पोतं टाकलं की शॉकअप बसतंय अन् खड्ड्यात खालून घासतंय. उंच कर जरा."

"अण्णा, मॅडमला ही उंची..."

"मॅडमला काय कळतंय गाडीतलं? सांगतो मी तिला."

"सांगितलंय की सांगणार हाव?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पान्याशी चाळा करायला लागलो. "बहिणीला इचारून गाडीला हात लावू व्हय मी? लोक बोलतेत रे बाजारात. बाईमाणूस पाय पसरून चाललंय म्हणतेत. मला ऐकावं लागतंय. गाडी जरा गाडीसारखी दिसू दे."

मी केलं. मागचे शॉकअप काढून दुसऱ्या गाडीचे जरा उंच शॉकअप बसवले. सीटची खोळ उसवून आत फोमचा थर घातला अन् खोळ पुन्हा जशीच्या तशी ताणून बसवली. मोजलं तर तीन बोटं उंची वाढली होती. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये इतकं सफाईचं काम. अण्णा बसले, खूश झाले, पाठीवर थाप मारली. लाज वाटते सांगायला, पण त्या थापेनं मीही खूश झालो. फोनच्या वहीत मॅडमचा नंबर होता. वही उघडली होती, नंबरावर बोटही ठेवलं होतं. मग मनाशी म्हटलं, भाऊ समोर उभा आहे, मी कोण मध्ये तोंड घालणारा, अन् वही मिटली. खरं कारण वेगळं होतं. अण्णांसारख्या वजनदार माणसानं बाजारात माझं नाव घ्यावं, ह्याची मला हाव होती.

अण्णांनी गाडी मॅडम शिकवायच्या त्या क्लासखाली नेऊन लावली, चावी वर पाठवली अन् दुकानावर गेले. पुढचं मला त्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. बॅच सुटली, मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन उतरल्या. बसताना जरा अडखळल्या, पण पुढच्या क्लासला उशीर होत होता. गाडी उताराला लावली असेल असं वाटलं असणार. वळणावर पोरांच्या सायकली आडव्या आल्या. मॅडमनी ब्रेक दाबला, गाडी थांबवली अन् नेहमीसारखे दोन्ही पाय खाली सोडले. जमीन तीन बोटं लांब होती. गाडी डाव्या अंगाला गेली, तिच्याखाली डावा पाय. त्यांचीच पोरं धावली, त्यांनीच गाडी उचलली. गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं होतं.

अण्णा दवाखान्यातून थेट माझ्याकडं आले, मागोमाग टेम्पोत गाडी.

"पहिल्यासारखी कर. आत्ताच्या आत्ता."

"अण्णा, मॅडमला सांगायला पाहिजे."

"तिला कळलं तर ती जन्मात माझं तोंड बघणार न्हाई. बब्रुवान, मला तिच्याबिगर कोन हाय रे? तुझ्या पाया पडतो."

त्यांनी खरंच वाकायला घेतलं. मी त्यांचे हात धरले, मॅडमला सांगणार नाही असा शब्द दिला अन् पाना उचलला. जुने शॉकअप पुन्हा लावले, खोळ उसवून फोम काढला, सीट होती तशी केली. ते कामही सफाईनंच केलं. घरी जाऊन शकुंतलाला सगळं सांगितलं. तिनं ताट माझ्यासमोर ठेवलं अन् म्हणाली, "जेवा, अन् दवाखान्यात जाऊन त्या मॅडमला सांगा." म्हटलं, जरा बरं वाटू दे त्यांना, मग सांगतो. मी दवाखान्यात एकदाही गेलो नाही.

अडीच-तीन महिन्यांनी मॅडमच आल्या. रिक्षातून, पाय आडवा टाकून, कुबडी घेऊन. अण्णांना न सांगता आल्या होत्या. गाडी माझ्याकडंच उभी होती, खरचटलेल्या जागी रंग मारून.

"मिस्त्री, एक विचारते, खरं सांगा. त्या दिवशी गाडीला काही केलं होतं का?"

"ऑइल बदललं होतं."

"फक्त ऑइल?"

"हाव."

"मला जमीनच लागली नाही ओ. रात्रंदिवस तेच आठवतंय. पाय खाली सोडला अन् जमीनच नव्हती." मग म्हणाल्या, "मला एकदा बसू द्या."

कुबडी भिंतीला टेकवली. मी गाडी धरली. त्या कशाबशा बसल्या, पाय खाली घेतले. दोन्ही तळवे जमिनीवर, पहिल्या दिवशी लागले तसेच. त्यांनी खाली वाकून आपल्या पायांकडं बघितलं. थोडं डावीकडं कलून बघितलं, थोडं उजवीकडं. मी उकिडवा बसून चेन तपासत असल्याचं सोंग करत होतो. चेनीला काहीही झालेलं नव्हतं.

"लागतायत की," त्या म्हणाल्या. "म्हणजे गाडीचं काही नाही. माझाच पाय ऐन वेळी दगा देतो." मग म्हणाल्या, "नशीब म्हणायचं, मागं कुणाचं लेकरू बसलेलं नव्हतं."

तेव्हा बोलायचं होतं मी. एका वाक्याचं काम होतं. अण्णांना शब्द दिलाय, असं मी मला सांगितलं, पण तो शब्द नुसतं निमित्त होता. बब्रुवाननं काम बिघडवलं, बब्रुवानमुळं बाईचा पाय मोडला, हे औसा रोडला कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

"विकून टाका मिस्त्री," त्या उतरताना म्हणाल्या. "चांगल्या माणसाला द्या." उदगीरच्या एका मास्तरांना मी ती दिली. क्लाससाठी ठरवलेली जागा मॅडमनी सोडली. जुन्या क्लासवर त्यांच्या जागी दुसरे सर आलेच होते, पोरांच्या परीक्षा कुणासाठी थांबत नाहीत. पुढं त्या नांदेडला एका क्लासवर लागल्या. तिथं क्लास खालच्या मजल्यावर अन् त्यांना राहायला खोली वरच्या मजल्यावर होती. जिना उतरला की नोकरी, चढला की घर. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं, की चला, मार्गी लागलं त्यांचं. असलं बरं वाटून घ्यायला लाज नाही वाटली तेव्हा.

एक बदल मात्र मी केला. बाईची गाडी आली की आणणाऱ्याला परत पाठवायचो. "चालवणाऱ्या ताईंना घेऊन या, त्याशिवाय हात लावणार न्हाई." भांडणं झाली, गिऱ्हाइकं तुटली, पण मी अडून बसलो. हळूहळू पोरी, बाया स्वतः येऊ लागल्या. कुणाची सीट, कुणाचं लिव्हर, कुणाचं स्टँड, त्यांना बसवून, विचारून करायचो. तर काय व्हावं? आमच्या भागातल्या महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला. बायकांची अडचण समजून घेणारा मिस्त्री म्हणून माझ्याबद्दल बोलले, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी शाल पांघरून फोटो काढून घेतला. तिथं माईक होता, समोर दोनशे बाया होत्या, अन् तिथंही मी मूग गिळून बसलो. शकुंतलानं त्या शालीची घडी आजतागायत मोडलेली नाही.

वर्षं गेली. अण्णा आजारी पडले, मॅडमनी त्यांना नांदेडला नेलं, अन् तिथंच ते वारले. लातुरात तेराव्याला गेलो तेव्हा मॅडम बायकांत बसल्या होत्या, केस पिकलेले. मी लांबूनच हात जोडून परतलो. पण आता निमित्त संपलं होतं. शब्द ज्याला दिला तो माणूसच उरला नव्हता. दोन महिने टाळलं. मग शकुंतलानं नांदेडच्या एसटीत आणून बसवलं म्हणायला हरकत नाही.

मॅडमनी ओळखलं. "अय्या, मिस्त्री तुम्ही!" म्हणाल्या अन् चहा ठेवला. खोलीत एक कॉट, एक टेबल, भिंतीला अण्णांचा हार घातलेला फोटो. मी कप हातात घेतला अन् सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून. शॉकअप, फोम, उसवलेली खोळ, पुन्हा शिवलेली खोळ, चेन.

सांगून संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती उंच?"

"तीन बोटं."

त्यांनी आपलीच तीन बोटं जुळवून समोर धरली. "एवढंच?"

"एवढंच."

"अण्णांना माहीत होतं."

"हाव. पण मॅडम, करणारा मी. मला सगळं माहीत होतं, अण्णांना तेवढं नव्हतं."

त्या फोटोकडं बघत राहिल्या. "शेवटचे आठ महिने इथं होते अण्णा. ह्या कॉटवर. रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचे. स्वतःला उठवत नव्हतं, तरी. मी म्हणायचे, अण्णा राहू द्या, तुम्हीच आजारी आहात. ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, माया आहे." फोटोचा हार सरळ केला. "माया होतीच म्हणा." मग आवाज एकदम फाटला. "तुम्ही सहा महिने आधी आला असतात तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले असते. चार दिवस बोलले नसते. अन् मग बोलले असते ओ! आता कुणाशी भांडू मी?"

मी कप खाली ठेवला.

"अन् ह्या पायाला किती शिव्या घातल्या मी," त्या पायावर हात ठेवून म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्याच्यावर भरवसा ठेवला नाही. समोर दुकानात जायचं तरी कुणी सोबत येतंय का बघते. रस्ता ओलांडताना पोरींचा हात धरते. ह्याचं काहीच चुकलं नव्हतं म्हणायचं."

मी रडलो, ते सांगण्यात काही भूषण नाही. पण माझा स्वभाव मिस्त्रीचा. मोडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. मी बोलून गेलो, "मॅडम, तसली गाडी जुनी अजून मिळते. मी शोधून आणतो. तुमच्या मापानं सीट आणखी खाली घेतो, गिअरला पट्टी लावतो. पुन्हा शिकवतो. सगळी मी स्वतः बसवून देतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं, राग नव्हता.

"कोण बसवून देणार? तुम्ही?"

खाली बॅचची मुलं जमल्याचा आवाज येत होता. मॅडम उठल्या, डोळे पुसले, टेबलावरचा खडू घेतला अन् जिन्याशी गेल्या. मी मागोमाग जाऊन हात पुढं केला. त्यांनी तो बघितला, अन् कठडा धरून एकट्याच उतरल्या.